मढहून आलेलं कातडं

१ डिसेंबर २०२५, सोमवार

ही डायरी २०२४ची आहे. खतांच्या दुकानदाराने आमच्या ह्यांना दिली, ह्यांनी मला दिली, म्हणजे फुकटातलं फुकट. छापील तारखा खोडून वर माझ्या घालते. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्याला एक सल्ला आहे. आजचा: 'पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासा.' मी आज नेमकं उलटं केलं.

शाळेत मीटिंग होती. मुख्याध्यापक संपत सर म्हणाले, यंदा स्नेहसंमेलनात शिक्षकांनी नाटक करायचं. सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी वर बघत होते, एवढाच माझा गुन्हा.

"मंगल मॅडम, तुम्ही इतिहासाच्या. काहीतरी ऐतिहासिक बसवा."

जुन्नर तालुक्यात ऐतिहासिक म्हटलं की काय अपेक्षित असतं ते सांगायला नको. तलवारी, दाढ्या, आणि गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याला एकेक सरदाराची भूमिका. मी म्हटलं, "इजिप्त."

मग गणिताचे सर म्हणाले, "म्हणजे ते पट्ट्या गुंडाळलेले?"

तेच. सत्तावीस वर्षं मी शिकवतेय. तीन हजार वर्षं टिकलेल्या त्या लोकांना पाठ्यपुस्तक दीड पान देतं, त्यातलं अर्धं पान चित्र. माझ्याकडे पुण्याच्या फुटपाथवर घेतलेलं एक जाडजूड पुस्तक आहे, कव्हर आणि पहिली दहा पानं नसलेलं, त्यामुळे कुणी लिहिलं ते देवाला ठाऊक. त्यावरच माझं सगळं इजिप्त उभं आहे. मी स्वतः सुरतेच्या पलीकडे गेलेले नाही.

जेवताना ह्यांना सांगितलं. मुद्दाम हेही सांगितलं की तिथे एका राजाच्या ममीच्या डोळ्यांच्या खोबणीत कांदे बसवलेले सापडले. चांगदेवराव कांद्याचेच शेतकरी. घास थांबवून म्हणाले, "लाल का गरवा?"

कांद्याची जात पुस्तकात दिलेली नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

नाटक लिहून झालं. गोष्ट सोपी आहे. राजा मरतो. पुरोहित त्याच्या ममीचं तोंड मंत्राने उघडतो, म्हणजे परलोकात त्याला खाता-बोलता यावं. मग राजाला सत्याच्या दालनात नेतात. तिथे तराजू. एका पारड्यात राजाचं काळीज, दुसऱ्यात माआत देवीचं पीस. काळीज जड भरलं तर शेजारी एक राक्षसीण टपलेलीच असते. तोंड मगरीचं, पुढचे पाय सिंहाचे, मागची बाजू पाणघोड्याची. ती काळीज खाते, विषय संपला. अपील नाही, तारीख नाही.

त्याआधी मेलेल्याला बेचाळीस देवांसमोर बेचाळीस गोष्टी नाकारायच्या असतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो. मी चोरी केली नाही, खोटं बोललो नाही, एवढ्यावर ते लोक थांबत नाहीत. मी काटा मारला नाही. मी वाहत्या पाण्याला बांध घालून अडवलं नाही. मी शेजाऱ्याच्या शेताचा बांध कोरला नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, नाईलच्या काठी! ओतूरच्या तलाठी कार्यालयातून उचलून नेल्यासारखं.

राजा संपत सर. मुख्याध्यापकांना दुसरी भूमिका देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्यांनी संहिता वाचली आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हे 'मी बांध कोरला नाही' एवढं कट करा."

"का सर?"

"उगीच लांबण लागतंय."

बेचाळीसांतलं एक वाक्य काढून लांबण कसं कमी होणार? मी कट केलं नाही. सरांची त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून केस चालू आहे आणि चुलतभाऊ पालक समितीवर आहे, हे मला माहीत नाही असं सरांना वाटतं.

पुरोहित कोण? आमचा प्रयोगशाळा परिचर गोरख. अंगाने उंच, आवाज खणखणीत. मूळचा मढचा, डोंगरातला, लहानपणापासून ओतूरला मामाकडे वाढलेला. त्याचे वडील गेणभाऊ शेतीच्या कामातून सवड मिळाली की नातवंडांना बघायला इकडे येतात.

६ डिसेंबर, शनिवार

ममी गुंडाळायला जुनी धोतरं गोळा झाली. तराजू किराणा दुकानातून मिळाला. काळीज म्हणून टोमॅटो ठरला, पीस मोराचं.

अडचण पुरोहिताची. पुस्तकात स्पष्ट चित्र आहे, अशा पुरोहिताच्या उघड्या खांद्यावर बिबट्याचं कातडं असतं. त्याच्याशिवाय तो पुरोहित नव्हेच. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "ठिपक्याठिपक्यांची बेडशीट मिळते ना." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चहा संपवला. नाटक करायचं तर अस्सल करायचं, नाहीतर दाढ्या-तलवारी आहेतच.

म्हणून पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'नाटकासाठी बिबट्याचं कातडं हवं आहे. कुणाकडे असल्यास कळवावे. – मंगल मॅडम.'

'कातड्यासारखं कापड' असं लिहायला हवं होतं. हे मला सेंड केल्यावर अकराव्या मिनिटाला सुचलं.

७ डिसेंबर, रविवार

आख्खा दिवस घालवला फोन घेण्यात. सगळ्यात पहिला मेसेज सातवीतल्या एका आईचा: 'मॅडम कातडं कशाला आख्खाच न्या ना, आमच्या उसात बसलाय.' त्याखाली बावन्न हसणारी तोंडं. मग एकाने त्याच्या गोठ्यातला सीसीटीव्हीचा व्हिडिओ टाकला: 'साईज बघून घ्या.'

ज्या तालुक्यात संध्याकाळी सहानंतर माणूस एकटा लघवीला जात नाही, तिथे मी बिबट्याचं कातडं मागितलं. चांगदेवराव म्हणाले, "आता कुनी तुला चहाला बोलावलं तरी इचारून जा, पिंजरा लावला आसंल."

११ डिसेंबर, गुरुवार



दुपारी गोरख पोतं घेऊन प्रयोगशाळेच्या मागे उभा. "मॅडम, रविवारी मढला घरी तुमच्या नाटकाचं बोल्लो. आज बापानं वडापच्या जीपवाल्याकडं हे पाठवून दिलं. निरोप बी हाय: मॅडमला म्हनावं, लई जपून वापरा."

पोत्यात कातडं. खरंखुरं. पिवळट, केस आखूड, वर काळे ठिपके, गोल, भरीव, रुपयाएवढे. मी दार लावून घेतलं.

"गोरख, हे कुठून आलं?"

"न्हाई म्हाईत. माळ्यावर असायचं. ल्हानपनी हात लावला की बाप फोडून काढायचा. मग मी मामाकडं ग्येलो. पर वाघ हाय आमच्यात, एवढं म्हाईत व्हतं."

शास्त्रीय नोंद करून ठेवते, कारण असा योग आयुष्यात पुन्हा नाही. कातडं अपेक्षेपेक्षा बरंच लहान आहे. वयोमानाने आखडलं असावं. शेपटी मूळ जागेवर नसून सुतळीने शिवलेली. शिकारीच्या झटापटीत तुटली असणार. नखं नाहीत. वास थेट बोकडाचा. बिबट्याने आयुष्यभर जे खाल्लं त्याचा वास कातड्यात उतरत असेल. निसर्ग काहीच विसरत नाही.

खरं तर तिथेच पोतं बांधून परत पाठवायला हवं होतं. पण मी ते गोरखच्या खांद्यावर टाकून बघितलं. आणि काय सांगू, ऍसिडच्या बाटल्यांसमोर साक्षात थीब्ज नगरीचा पुरोहित उभा! मनाशी म्हटलं, जुनं आहे, कायद्याच्या आधीचं असेल, कुणाला कळतंय.

पानाखालचा सल्ला: 'रोगट रोपे वेळीच उपटून नष्ट करावीत.'

१३ डिसेंबर, शनिवार

तालीम. गोरखने उघड्या अंगावर कातडं घेऊन मंत्र म्हटले तेव्हा शिपाईसुद्धा गप्प झाला. सगळ्यांना सांगितलंय की पुण्याहून भाड्याने आणलेलं कापड आहे. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "वास येतोय." मी म्हटलं, "पुण्यातून आणलंय ना."

तराजूचा घोळ झाला. टोमॅटो कितीही छोटा घेतला तरी पिसापेक्षा जडच. असं झालं तर राजाला राक्षसीण खाणार, आणि राजा मुख्याध्यापक. शेवटी गणिताच्या सरांनी पिसाच्या पारड्याखाली मेणाने वजन चिकटवलं. 'मी काटा मारला नाही' म्हणणाऱ्या राजासाठी आम्ही काटा मारला.

माझ्या मनगटाला खाज येतेय. धोतरांच्या धुळीने असेल.

१५ डिसेंबर, सोमवार

गोरखच्या डाव्या खांद्यावर आणि मानेवर फोड आलेत. साधे नाहीत; लाल पट्टा, त्यावर पाणी धरलेले पुरळ. स्टाफरूममध्ये एकच विषय. "थडग्याला हात लावला की शाप लागतो, मी यूट्यूबला पाहिलंय," इति गणिताचे सर. हे बीएस्सी आहेत.

शापबिप काही नसतं, तो वर्तमानपत्रांनी केलेला धंदा आहे, असं मी ठामपणे सांगितलं. माझं मनगट पदराखाली होतं. तिथेही तसाच पट्टा उठलाय.

मनाचे खेळ. (मनाला फोड येतात का?)

१६ डिसेंबर, मंगळवार

संपत सर हसतहसत वर्गात आले. "मॅडम, खुशखबर. संमेलनाला प्रमुख पाहुण्या मिळाल्या. फॉरेस्टच्या रेंजर, प्राची मॅडम. बिबट्यापासून काळजी कशी घ्यावी यावर बोलतील, मग आपलं नाटक बघतील. दुपारी दोनलाच सुरू करू, पोरं उजेडात घरी गेली पाहिजेत."

मी फळ्याला पाठ टेकली. घरी येऊन मोबाईलवर कायदा वाचला. बिबट्याचं कातडं बाळगणं: तीन ते सात वर्षं. कायद्याच्या आधीचं असलं तरी त्याचा कागद लागतो. गेणभाऊंच्या माळ्यावर कागद कुठून असणार?

मला नोकरीची पाच वर्षं राहिलीत. माझं काय, फार तर अब्रू जाईल, ती ग्रुपवर गेलीच आहे. पण गोरखची नोकरी? आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे गेणभाऊ, ज्यांनी केवळ एका मॅडमची हौस म्हणून पोतं पाठवलं?

ह्यांना सगळं सांगितलं. हातातली बिडी ह्यांनी परत बंडलात खोचली. मग म्हणाले, "पुरून टाकू. कांद्याच्या वाफ्यात."

"पुरावा नष्ट करणं वेगळा गुन्हा आहे."

"मग तुज्या त्या राजाला गुंडाळ त्याच्यात. तीन हजार वर्सं कुनी उघडत न्हाई."

कातडं सध्या बाजरीच्या पिंपात आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

वनविभागातून फोन. आवाज तरुण, अदबीचा. "मॅडम, तुमचा एक मेसेज आमच्याकडे फिरत आलाय. कातड्याचा."

"ते... कापडाचं. नाटकाचं आहे."

"असंच असणार म्हणा. आमच्या मॅडम मंगळवारी येणारच आहेत, बघतील त्या."

फोन ठेवला आणि टेबलावर संहिता उघडीच होती. नकार क्रमांक नऊ: मी असत्य बोललो नाही.

मी ओळ लिहिली त्याला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

२० डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर मी आणि गोरख कल्याण गाडीने मढला निघालो. जिथलं आहे तिथे परत. पोतं माझ्या मांडीवर. ओतूरला एक बाई करडू घेऊन चढली आणि नेमकी शेजारी बसली. मी घाबरले; वाघाचा वास आला की शेळ्या दोर तोडून पळतात म्हणे. हे करडू पोत्याला नाक लावून लाडात ओरडायला लागलं, मग चाटायलाच लागलं.

बाई म्हणाली, "आय घावल्यावानी करतंय की ओ."

बिबट्याला चाटणारी शेळी मी पहिल्यांदाच बघितली. जनावरंसुद्धा पूर्वीसारखी राहिली नाहीत.

गेणभाऊंच्या घराला कडी. शेजारच्या चिमाबाई भाताचं तूस पाखडत होत्या. "त्यो व्हय? लेकीकडं ग्येलाय, तळेघरला. मंगळवारी तिकूनच परस्पर शाळंत येनार. वाघ बघायला." आणि हसायला लागल्या. बोटांना काळे डाग पडलेले. जांभळं खाल्ल्यासारखे, पण डिसेंबरात जांभळं कुठली?

"फोन लागेल का त्यांना?"

"डोंगरावं चढल्याव रेंज येती. त्यो चढतोय रोज, पर फोन घरी ठिवून." मग गोरखच्या मानेकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! थांबा वाईच, खोबरेल देते, आन सांगते..."

तेवढ्यात खालून परतीच्या गाडीचा हॉर्न आला. ती चुकली असती तर पुढची अंधारात. आम्ही पोतं घेऊन पळालो.

गाडीत गोरखने पोतं स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मी म्हनंन माझंच हाय. बापाचं नाव नाय घ्यायचं."

मी म्हटलं, "गप्प बस. कातडं मी मागितलं, सगळ्या तालुक्याने वाचलंय." असं धीराचं बोलल्यावर बरं वाटलं. ओतूर येईपर्यंत टिकलं.

२२ डिसेंबर, सोमवार

ठरलं. उद्या कार्यक्रमाआधी पोतं रेंजर मॅडमच्या हातात द्यायचं. मी मागवलं, मी ठेवलं, फोनवर खोटं मीच बोलले. कुणाकडून आलं ते सांगायचं नाही. गोरख नाटकात बेडशीट घेईल. हिंदीच्या मॅडमकडून ती मागून आणली, आणि 'मी सांगितलं होतं ना' हे त्यांनी तोंडाने न म्हणता पूर्ण चेहऱ्याने म्हटलं.

स्वतःचे बेचाळीस नकार लिहून बघायला बसले. मी पेपर न वाचता मार्क दिले नाहीत, इथेच अडले.

ह्यांनी विचारलं, "डबा द्यावा लागंल का, का आत जेवान मिळतं?" आणि मग न विचारताच म्हणाले, "मी येतो उद्या. मागं बसंन."

पानाखालचा सल्ला बघितला नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दीड वाजता प्राची मॅडम आल्या. तिशीतल्या, खाकी गणवेश, शांत डोळे. संपत सरांनी केबिनमध्ये नारळ-शाल सुरू केलं. मी पोतं घेऊन आत गेले, ह्यांना दाराबाहेर उभं केलं. सरांचा हात शालीसकट हवेत राहिला.

"मॅडम," मी म्हटलं, "फोनवर मी खोटं बोलले. हे कापड नाही. हे मी मागवलं आणि मीच ठेवलं. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही."

सर म्हणाले, "शाळेचाही संबंध नाही," आणि खुर्ची एक फूट मागे घेतली. ममीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या, त्यामुळे फार मागे जाता आलं नाही.

प्राची मॅडमनी पोतं उघडलं. चेहरा दगडासारखा. कातडं टेबलावर पसरलं, केस उलटे फिरवले, शेपटीच्या सुतळीवर बोट ठेवलं, वाकून वास घेतला. मग त्यांनी वर बघितलं, पण माझ्या तोंडाकडे नाही, मनगटाकडे.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही. ऍलर्जी."

"आणखी कुणाला आलीय?"

तेवढ्यात गोरख दारात. मान सुजलेली. "मॅडम, त्यांचं काय बी नाय, त्ये माझं हाय..."

"तुम्ही हे उघड्या अंगावर घेतलंत?"

"व्हय."

आणि त्या बाई खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. गणवेशातलं माणूस इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, हा बिबा अंगावर उतलाय. माझ्या आजीने एकदा माझ्या टाचेला बिबा घातला होता, महिनाभर असाच पाय घेऊन हिंडले. बिब्याचं तेल आणि चुना. त्याने काढलेले ठिपके आहेत हे, आणि तेही ताजे. बिबट्याचा ठिपका असा भरीव नसतो, पाकळ्या गोल मांडल्यासारखा असतो, मध्ये पोकळ. मॅडम, ही शेळी आहे."

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीत.

"शेळी?" सर म्हणाले आणि खुर्ची एक फूट पुढे आली.

बाहेर गलका झाला. धुवट टोपी घातलेले गेणभाऊ चांगदेवरावांना बाजूला सारून आत घुसले. त्यांनी गणवेश बघितला नाही, सर बघितले नाहीत, फक्त टेबल बघितलं.

"आरं, आमच्या वाघाला पोत्यात कशापायी घातला? मी तळेघरवरनं एवढ्या लांब कशाला आलो मग?"

मग सगळं निघालं. त्यांच्या डोंगरात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. वाघोबाच्या पाषाणाला नैवेद्य झाला की गुराख्यांतला एकजण कातडं पांघरून वाघ होतो. बाकीचे त्याला घेरून विचारतात, "आमच्या रानात येशील का? आमच्या गुरांकडं बघशील का?" आणि त्याला शिवेपार पळवतात. गेणभाऊ ओळीने बावीस वर्षं वाघ होते. पुढे पोरं कामाला नारायणगावला, पुण्याला गेली. घेरायला कुणी उरलं नाही, मग गोरखच्या जन्माआधीच वाघ माळ्यावर गेला.

"आन शेळी साधी नव्हती ती," त्यांनी रेंजर मॅडमना बजावलं. "काशी नाव. लई गुनाची. म्हातारी व्हऊन मेली, मग म्हनलं, हिला वाघच करू. आता मॅडम नाटकात घेनार म्हनल्याव ठिपकं इटलं व्हतं, ते चिमाबाईनं आन मी बिब्यानं नवं केलं. म्हनून तर निरोप धाडला, जपून वापरा."

"मला वाटलं जपून म्हणजे..." मी वाक्य सोडून दिलं.

"आन तू रं," ते गोरखकडे वळले, "ल्हानपनी हात लावू देत नव्हतो त्ये ह्याच्यासाठी. अंगाला उतंल म्हनून. तुला काय वाटलं, तुजा बाप वाघ मारतो?"

गोरखला तसंच वाटत होतं, आणि तीस वर्षं त्याचा त्याला अभिमान होता, हे तोंडावर दिसत होतं. एकाच क्षणात त्याची सुटकाही झाली आणि थोडं नुकसानही.

प्राची मॅडम म्हणाल्या, "नाटक किती वाजता?"

गोरखला कातडं आता लावता येईना. गेणभाऊंनी टोपी काढून माझ्या हातात दिली, सदऱ्यावरून काशीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "मला बिबा उतत नाय. सांगा, काय करायचं?" बावीस वर्षांत कातडी मुरली असावी. पाच मिनिटांत मी त्यांना सगळं सांगितलं: ममीच्या तोंडाला काठी लावायची, 'तुझं तोंड मी उघडतो' म्हणायचं, बाजूला व्हायचं.

त्यांनी तोंड उघडलं. बाजूला मात्र झाले नाहीत. संपत सर उठून बेचाळीस नकार द्यायला लागले. चोरी केली नाही, टाळ्या. पाणी अडवलं नाही, हशा. मग सर थांबले. पुढचं वाक्य बांधाचं. सर ते गिळून पुढे जाणार, एवढ्यात गेणभाऊ कातड्यासकट त्यांच्याभोवती फिरले आणि डोंगरातल्या आवाजात विचारलं, "आमच्या रानात येशील का?"

समोर सहाशे पोरं. मग पश्चिमेकडच्या वाड्यांतली पाच-सहा पोरं उठून उभी राहिली आणि त्यांनीच ओरडून पुढचं विचारलं, "आमच्या गुरांकडं बघशील का?" मग सगळी शाळा विचारायला लागली. राजा गोंधळून म्हणाला, "नाही! नाही! कोरणार नाही!"

पालक समितीच्या रांगेतून आवाज आला, "लेखी देता का सर?"

काळजाचं वजन झालं तेव्हा मेणाने चिकटवलेलं वजन गळून पडलं आणि टोमॅटो धाडकन खाली गेला. पण तोवर राक्षसीण झालेल्या हिंदीच्या मॅडम इतक्या हसत होत्या की काळीज खायचं राहून गेलं. राजा वाचला. इजिप्तच्या इतिहासात पहिलाच असणार.

गेणभाऊंना शेवटी पोरांनी फाटकापर्यंत पळवत नेलं. चौऱ्याहत्तरावं वर्ष, पण शीव ओलांडल्याशिवाय थांबले नाहीत. परत आले तेव्हा धापा टाकत होते, डोळ्यांत पाणी. धुळीने असेल.

प्राची मॅडमनी भाषण नाटकानंतर ठेवलं आणि त्यात एवढंच सांगितलं की खऱ्या वाघाला असं घेरायचं नाही. जाताना मला म्हणाल्या, "मनगटाला खोबरेल आणि तीळ वाटून लावा. आणि पुढच्या वेळी मेसेजमध्ये 'सारखं' हा शब्द घाला."

ह्यांनी वाटेत एकदाही चेष्टा केली नाही. जेवायला बसल्यावर बाजरीच्या पिंपाकडे बघून म्हणाले, "ह्या भाकरीला मटनाचा वास येतोय, चांगलंच हाय." आठ दिवसांनी मी पोटभर जेवले.

२५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. मनगटावरचा पट्टा उतरलाय. दुपारी झोप झाल्यावर फाटकं पुस्तक उगीचच चाळत होते. पान दोनशे अकरा. तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेल्या वस्तूंची यादी. त्यात पुरोहिताचं बिबट्याचं एक कातडं, कापडाचं. ठिपके कापडावर केलेले, डोकं लाकडी, वरून सोन्याचा मुलामा. म्हणजे खुद्द त्या राजाच्या माणसांनीही बेडशीटच काढली होती.

या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. शेजारी समासात 'महत्त्वाचे!' असं लिहिलंय. अक्षर माझं.

हिंदीच्या मॅडमना हे सांगायचं की नाही, यावर विचार चालू आहे.

२८ डिसेंबर, रविवार

गोरख आज मढहून आला. फोड सुकलेत. गेणभाऊंनी निरोप पाठवलाय: पुढच्या वाघबारशीला शाळेतली ती पाच-सहा पोरं घेऊन या, घेरायला माणसं कमी पडतात. मी जाणार आहे. हेही येतो म्हणालेत, ह्यांना वाघ व्हायचंय म्हणे.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'नाटकातील कातडं शेळीचं होतं. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये. – मंगल मॅडम.'

अकराव्या मिनिटाला सातवीतल्या त्या आईचा मेसेज आला: 'मॅडम मग आमच्या उसातला नेताय का न्हाई? तीन आठवडे झाले वाट बघतोय.'